धनुष्याला लाकूड कोणतं? आधी कुऱ्हाडीच्या दांड्याला विचारा

घरी पारंपरिक पद्धतीचं लाकडी धनुष्य करायचं मनात आलं की माणूस आधी इंटरनेटवर शोधतो, आणि दहा मिनिटांत हिरमुसतो. तिथे दोन नावं पुन्हापुन्हा समोर येतात. एक यू, म्हणजे युरोपातलं सूचिपर्णी झाड. दुसरं ओसेज ऑरेंज, म्हणजे अमेरिकेतलं काटेरी, पिवळ्या गाभ्याचं झाड. दोन्ही लाकडं धनुष्यासाठी अव्वल आहेत, पण सातारा, नाशिक किंवा चंद्रपूरच्या वखारीत ती मागितली तर वखारवाला तुमच्याकडे बघतच राहील. मग काही जण परदेशातून महागडी फळी मागवतात आणि बाकीचे नाद सोडून देतात.

दोन्हींची गरज नाही. ज्या मुलखात माणसं पिढ्यान्पिढ्या कुऱ्हाड, कुदळ, बैलगाडी आणि कावड वापरत आली, तिथे चिवट लाकडाची पारख असतेच. कुऱ्हाडीच्या दांड्याला हिसका सोसावा लागतो, कावडीला लवून पुन्हा सरळ व्हावं लागतं. धनुष्याकडून आपल्याला हेच हवं असतं. म्हणून झाडांच्या नावांची यादी शोधत बसण्याआधी गावात चौकशी करा, इथे दांड्याला कुठलं लाकूड घालतात? सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या पानझडी पट्ट्यात उत्तरात बहुधा एक नाव येईल, धामण. तिच्याकडे येतोच. त्याआधी धनुष्य वाकतं तेव्हा लाकडाच्या आत काय चालतं ते पाहू. ते कळलं की परदेशी पुस्तकातले नियम इथे कुठे लागू पडतात आणि कुठे नाही, हे आपलं आपल्यालाच कळायला लागतं.

पाठ आणि पोट

माणूस ओणवा झाला की त्याची पाठ ताणली जाते आणि पोटाला वळ्या पडतात. धनुष्याचंही तसंच आहे. लक्ष्याकडची बाजू ही त्याची पाठ, ती ताणली जाते. आपल्याकडची बाजू हे पोट, ते दाबलं जातं. मधल्या लाकडाला फारसं काम नसतं.

लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेत पाहिलं, तर बहुतेक लाकडं दाबापेक्षा ताण पुष्कळ जास्त सोसतात, साधारण दुपटीच्या आसपास. म्हणून निर्दोष, सरळ रेषेच्या लाकडात आधी हार मानतं ते पोट. दोरी उतरवली तरी धनुष्य थोडं वाकलेलंच राहतं, त्याला कायमचा बाक येतो. दाब फारच झाला तर पोटावर आडव्या बारीक चुण्या उमटतात. नखाने चाचपलं तरी त्या लागतात. असं धनुष्य मोडत नाही, फक्त मरगळतं.

पाठ मात्र सांगून तुटत नाही. ती कडाडते आणि दोन तुकडे होतात. याचं कारण बहुतेक वेळा लाकडाचा कमजोरपणा नसतो, तर तुटलेली रेषा असते. लाकूड म्हणजे लांब नळ्यांची जुडी. पाठीवरची नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेली तर ताण पेलते. करवतीने ती मध्येच तिरकी कापली गेली असेल, तर त्या जागी कुसळ उठतं आणि तिथून सगळं उकलत जातं.

माझं पहिलं धनुष्य असंच गेलं. वखारीतून सागाची छान, गुळगुळीत पट्टी आणली होती. रंग बघून भुललो. कडेने रेषा बघितल्या असत्या तर त्या दोन वितींत पाठीवरून बाहेर पडताना दिसल्या असत्या. दोरी कानापर्यंतही आली नव्हती, हनुवटीशीच कडाड्कन गेलं. नंतर दोष सागाला दिला, जो त्याचा नव्हता.

आता जाडीचा हिशेब. यात सगळी मेख आहे. पातं, म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग, दुप्पट रुंद केलं तर त्याचा ताठपणा दुप्पट होतो आणि लाकडाच्या पृष्ठभागावर येणारा ताण तेवढाच राहतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, पण तेवढंच वाकवताना पाठीवरचा ताण आणि पोटावरचा दाबही दुप्पट होतो. म्हणून लाकूड साधारण असेल तर धनुष्य रुंद, पातळ आणि लांब करायचं. लाकूड जबरदस्त असेल तर अरुंद आणि जाड चालतं.

डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत एल्म लाकडाची सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्यं सापडली. त्यांची पाती रुंद आणि चपटी आहेत. उलट १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्रज युद्धनौकेतून १३७ अखंड धनुष्यं वर काढली गेली. ती यूची, अरुंद आणि जाडजूड आहेत. यूचं बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतला लालसर गाभा दाब सोसतो. इंग्रजांनी दोन्ही थर एकाच काठीत ठेवून झाडाकडून फुकटात जोडकाम करून घेतलं. एल्मच्या कारागिरांकडे ती सोय नव्हती, त्यांनी रुंदी वाढवली. धनुष्यं दोघांचीही चालली. लाकूड बदललं की आकार बदलायचा, एवढं या दोघांकडून घ्यावं.

पाश्चात्त्य नियम इथे कुठे अडतो

इंग्रजी माहितीत एक सल्ला हमखास असतो, पाठीवर एकच वर्षवलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवा. थंड मुलखातल्या अनेक झाडांत वलयं ठसठशीत असतात, त्यामुळे तिथे हा सल्ला चोख आहे. आपल्याकडे सागाची वलयं स्पष्ट दिसतात, पण इथल्या पुष्कळ झाडांत ती पुसट असतात किंवा दिसतच नाहीत. मग कुठलं वलय धरायचं?

उपाय सोपा आहे. मनगटापेक्षा जाड, सरळ, गाठी नसलेला सोट घ्यायचा, तो पाचर मारून उभा फोडायचा, आणि साल काढल्यावर जो पृष्ठभाग मिळतो तीच पाठ ठेवायची. तिला वाकस लावायचा नाही, रंधा लावायचा नाही. झाडाने स्वतः घडवलेला तो थर असतो, त्यात रेषा कापली जाण्याचा प्रश्नच नाही. सगळं तासकाम पोटाकडून करायचं.

फोडण्याचा आणखी एक फायदा आहे. करवत रेषेला जुमानत नाही, पाचर मात्र रेषेमागूनच जाते. सोट फोडल्यावर एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत पंख्याच्या पात्यासारखं फिरलेलं दिसलं, तर झाडात पीळ आहे. थोडा पीळ चालतो, जास्त असेल तर तो तुकडा चुलीला द्या. निलगिरीत हा त्रास नेहमीचा आहे. काही लाकडांत रेषा थराथराने उलटसुलट जातात. शिसव आणि चिंच त्यातली. तीही फोडायला आणि तासायला नको वाटतात. शिसव दिसायला देखणी आहे, पण धनुष्यासाठी तिचा हट्ट मला समजत नाही.

धामण

संस्कृतात हिला धन्वन म्हणतात, आणि धनुर्वृक्ष असंही एक नाव आहे. नावातच धंदा सांगितलेला आहे. धामणीचं बाहेरचं लाकूड फिकट आणि गाभा तांबूस असतो. रेषा बहुधा सरळ, लाकूड चिवट, आणि वाकून परत येण्याचा गुण पहिल्या प्रतीचा. कुऱ्हाडीचे दांडे, वल्ही, कावडी, गाडीच्या दांड्या अशा कामांत ती पूर्वापार आहे. सालीचा वाख निघतो, त्याचे दोर वळतात. म्हणजे एकाच झाडावर धनुष्य आणि प्रसंगी दोरी.

फळांसाठी लावतात तो फालसा धामणीचा भाऊबंद, एकाच कुळातला. त्याच्या लवचीक फांद्यांचाही धनुष्यासाठी आणि ओझ्याच्या काठ्यांसाठी वापर झालेला आहे. फालशाची छाटणी करावीच लागते. कुणाची बाग ओळखीची असेल तर जाड, सरळ फोक मागून ठेवायला हरकत नाही. मोठ्यांचं नाही तरी पोराबाळांचं धनुष्य त्यातून नक्की होतं.

बांबू हे लाकूड नव्हे, पण

वनस्पतिशास्त्राने बांबूला गवतात बसवलं आहे. धनुष्याने ते कधी मानलं नाही. इराणचा सम्राट झर्क्सिस याच्या सैन्यातल्या हिंदी सैनिकांकडे वेताबांबूची धनुष्यं होती असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याचे चार पदार्थ येतात, ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. नंदुरबार-धुळ्याकडे भिल्लांचा तीरकमठा आजही बांबूचाच, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालपट्टीची. ही दोरी सुतासारखी ताणत नाही, ओढलेलं सगळं बळ बाणाला देते. देशातल्या ‘इंडियन राउंड’ प्रकारच्या तिरंदाजी स्पर्धांत ३० आणि ५० मीटरवर बांबूची धनुष्यं चालतात, तेव्हा हा प्रकार संग्रहालयात गेलेला नाही.

बांबूची खुबी त्याच्या सालीत आहे. तंतू बाहेरच्या बाजूला दाट आणि आत विरळ होत जातात. म्हणून चकचकीत बाहेरची बाजू पाठीकडे ठेवायची आणि ती कधी खरवडायची नाही. तासायचं ते आतून. पेरं उगाच सपाट करायची नाहीत, पेराशी तंतू वळसा घेतात आणि तिथे हात चालवला की तिथेच तुटतं.

सगळे बांबू सारखे नसतात. विदर्भात ज्याला मानवेल म्हणतात तो बारीक, पण भिंत जाड, कोरड्या टेकाडावरचा तर जवळजवळ भरीव. एकसंध कमठ्याला तो उत्तम. सिंधुदुर्गातला माणगा बिनकाट्यांचा, सरळ आणि बराचसा भरीव, शिवाय शेताच्या बांधावर मिळतो. काटस बांबू, ज्याला बरेच जण कळक म्हणतात, जाडजूड असतो. त्याच्या रुंद कामट्या निघतात, पण पेरं वाकडी असतात आणि बेटातून एक काठी ओढून काढणं म्हणजे अंग सोलून घेणं.

वयाचं मात्र बुरुडालाच विचारावं. पहिल्या वर्षीची काठी हिरवीगार, अंगावर पांढरी भुकटी आणि बुडाशी वाळकी खोळ चिकटलेली. ती पाण्याने भरलेली असते, वाळली की आक्रसते. तीन ते पाच वर्षांची काठी हवी. रंग मंदावलेला, अंगावर दगडफुलासारखे डाग, ठोकली तर टणक आवाज. तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत. त्या वेळी काठीत पिठूळ अंश कमी असतो, म्हणून भुंगा कमी लागतो. मग ती चुलीवरच्या माळ्यावर धुरात टाकायची. धुराने काठी वाळतेही आणि किडीपासूनही वाचते. गॅसच्या स्वयंपाकघरात हे जमत नाही, ही अडचण खरी आहे.

बाकीची मंडळी

बाभूळ कणखर आहे, नांगर आणि गाडीच्या चाकाला पिढ्यान्पिढ्या वापरलेली. अडचण तिच्या वाकडेपणाची. सहा फूट सरळ बाभूळ शोधणं म्हणजे पायपीट. रामकाठी बाभूळ मात्र सरळसोट वाढते, ती दिसली तर नजर ठेवा. तिवस चिवटपणात कुणाला हार जात नाही, पण रेषा बऱ्याचदा गुंतलेली. अंजन आणि खैर इतके जड की टोकं हलवण्यातच धनुष्याचं बळ खर्च होतं. आंबा, पांगारा, काटेसावर, शेवगा यांच्या नादी लागू नका.

तुतीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. अमेरिकेतलं ते नावाजलेलं ओसेज ऑरेंज तुतीच्याच कुळातलं आहे. उत्तर भारतात हॉकी स्टिक तुतीच्या लाकडाच्या होत असत. वाकवता येणारं आणि फटका सोसणारं लाकूड म्हणूनच तिची निवड होती. आपल्याकडे मराठवाड्यात रेशीम शेतीसाठी तुती आहे, पण ती पाल्यासाठी छाटून बुटकी ठेवलेली. तिथे धनुष्याजोगा सोट मिळत नाही. जुन्या बंगल्याच्या आवारात किंवा शाळेमागे वाढू दिलेली तुती असते, तिची फांदी वादळात पडली तर ती लगेच फोडून ठेवावी.

साग? चालतो. माझ्या फजितीनंतरही सांगतो, चालतो. सागात रेषा सरळ मिळते, हवामानाने तो फारसा फुगत-आक्रसत नाही. मात्र अचानक हिसक्याला तो धामणीइतका चिवट नाही. म्हणून सागाचं धनुष्य लांब आणि रुंद करा, आणि पाठीवर बांबूची पातळ कामटी चिकटवा. ती ३ मिलिमीटरपेक्षा जाड नको. बांबू ताणाला इतका दांडगा असतो की जाड पट्टी लावली तर तीच सागाचं पोट चिरडते.

कोकणात पोफळ आणि ताड आहेत. माडाच्या जातीच्या या झाडांत बाहेरचं कवच दाट आणि आतला भाग भुसभुशीत असतो, त्यामुळे तत्त्व बांबूचंच, बाहेरची बाजू पाठीला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर भागात पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. जुन्या झाडाच्या कवचाच्या पट्ट्या फार कणखर असतात, पण कुसळं हातात शिरतात. कानस लावताना हातमोजे घाला.

बादलीची चाचणी

तुमच्या भागात भलतंच झाड असेल, सुबाभूळ, बोर, अजून काही, तर कुणाला विचारायचं? बादलीला. ही चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

प्रत्येक लाकडाची १ सेंटिमीटर बाय १ सेंटिमीटर जाडीची, ७० सेंटिमीटर लांब, सरळ रेषेची पट्टी करा. सगळ्या पट्ट्या सारख्याच वाळलेल्या हव्यात. दोन खुर्च्यांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर ठेवून पट्टी आडवी टाका. बरोबर मध्ये रिकामी बादली टांगा आणि तांब्याने पाणी ओतत जा. पट्टी मध्यावर ५ सेंटिमीटर खाली आली की थांबा. चांगल्या लाकडाला इथवर यायला साधारण १० ते १२ लिटर पाणी लागतं.

या वाकात पाठीवर किती ताण येतो त्याचं गणित सोपं आहे. सहा गुणिले जाडी गुणिले वाक, भागिले अंतराचा वर्ग. म्हणजे ६ × १ × ५ भागिले ३६००, उत्तर सुमारे ०.८३ टक्के. पूर्ण ओढलेल्या धनुष्याची पाठ साधारण एक टक्क्याच्या आसपास ताणली जाते. तेव्हा ही पट्टी खऱ्या कामाच्या जवळ पोचली.

पाच मिनिटं थांबा, बादली काढा, पट्टीत किती बाक उरला ते मोजा. कमीत कमी बाक उरलेली पट्टी जिंकली. त्यानंतर एक पट्टी मुद्दाम मोडा, आणि मोडलेलं टोक बघा. मुळ्यासारखी कट्कन, आखूड तुटली तर लाकूड ठिसूळ, सोडून द्या. लांबलचक कुसळं निघाली, अर्धी पट्टी लटकत राहिली, तर लाकूड चिवट आहे.

लाकूड हलकं निघालं तर पातं साधारण ५ सेंटिमीटर रुंद ठेवा, जड निघालं तर ३.५ ते ४ पुरतं. पहिल्या धनुष्याची लांबी आपल्या उंचीएवढी. सिकंदराच्या काळातल्या हिंदी पायदळाचं धनुष्य माणसाच्या उंचीचं असे, असं एरियन या ग्रीक इतिहासकारानेही नोंदवलं आहे. लांब धनुष्य चुका पोटात घालतं.

वाळवण आणि कायदा

ओल्या लाकडाचं धनुष्य पहिल्याच दिवशी बाक धरतं. अति कोरड्याचं तुटतं. कोकणातल्या आषाढात लाकूड हवेतून पाणी पितं आणि विदर्भातल्या वैशाखात ते खडखडीत होतं. म्हणून देवरुखात चांगलं चाललेलं धनुष्य नागपूरच्या उन्हाळ्यात जपून ओढावं. फोडलेल्या सोटाच्या दोन्ही टोकांना लगेच रंग किंवा मेण फासा, नाहीतर टोकाकडून पाणी भराभर उडून भेगा पडतात. सावलीत, वाऱ्याला, जमिनीपासून वर ठेवा. धनुष्याचा ओबडधोबड आकार आधीच तासून घेतला तर वाळवण वर्षाऐवजी काही महिन्यांत होतं. साल पावसाळ्यात सुटसुटीत निघते, थंडीत घट्ट बसते, पण पावसाळ्यातलं लाकूड बुरशी धरतं. मी थंडीतलं घेतो आणि सालीशी झटापट करतो.

तोडण्याआधी कायदा पाहा. वनातून परवानगीशिवाय काही तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, तिवस, खैर, अंजन, चिंच, फणस अशी झाडं आहेत, ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. बांबूची गोष्ट सोपी झाली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. गडचिरोलीत मेंढा (लेखा) ग्रामसभेला २०११ मध्ये स्वतःच्या जंगलातल्या बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार मिळाला, आणि वनहक्काच्या गावांकडून रीतसर बांबू घेण्याची वाट मोकळी झाली. शिकार मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. आपलं लक्ष्य गवताच्या पेंढीचं. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडू नका, तेवढ्याने चांगलं धनुष्यही फुटतं.

लाकूड वाळलं हे कसं ओळखायचं, याला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. दर रविवारी तुकडा तोलायचा आणि पेन्सिलने त्याच्याच अंगावर आकडा लिहायचा. आकडा उतरायचा थांबला की तासायला घ्या. माझ्याकडे एका शेजाऱ्याने कुंपण मोकळं करताना दिलेला धामणीचा अर्धा सोट आहे. त्याच्या पोटावर एकाखाली एक अकरा आकडे झाले आहेत. गेल्या रविवारी तो अजून चौदा ग्रॅम उतरला.